बेडकीचं खोबरेल

चार चाकांपुढे चार लिंबं ठेवून झाली तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. बुधवार होता. बाराला राहुकाळ लागत होता.

"आता गाडी चालू करायची, लिंबांवरून हातभर पुढे घ्यायची आणि बंद करायची," विद्वांस गुरुजींनी सांगितलं. "मग पूजा, मग नारळ, मग प्रस्थान."

"गुरुजी, बंद नाही करता येणार," मी म्हणाले.

गुरुजी कुंकवाची वाटी हातात धरून थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे हे इंजिन थंड असताना चालू केलं की पुरतं गरम होईपर्यंत चालूच ठेवावं लागतं. निदान दहा मिनिटं. मधेच बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही."

"मी बावीस वर्षं वाहनांच्या पूजा सांगतोय," गुरुजी म्हणाले. "ट्रक, डंपर, मच्छीमारांच्या लाँची. एकदा रोडरोलरसुद्धा. सगळी वाहनं पूजेला बंद असतात आणि पूजेनंतर सुरू होतात. माझी स्कूटर तर मी उतार लागला की बंद करतो. पेट्रोल वाचतं."

"त्या सगळ्यांत पिस्टन असतात."

"ह्यात नाहीत?"

"न्हाईत," मागून बापूमामा म्हणाले. "इस्लामपुरापासनं मी तेच विचारतोय. पिस्टन न्हाई, व्हॉल्व्ह न्हाई. मग त्याला इंजन म्हणायचं का मिक्सर?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर मोजत होते. बापूमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. इस्लामपुरात त्यांनी चाळीस वर्षं डिझेल पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि जगात तिसरं काही दुरुस्त करण्यासारखं आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही उभे होतो ते अंगण रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी, शालन भाटकर नावाच्या बाईंच्या घराचं. त्यांना मी काकू म्हणत असे. त्यांचे यजमान भाटकरसाहेब बोटीवर चीफ इंजिनिअर होते. ही चौऱ्याऐंशी सालची जपानी स्पोर्ट्स गाडी त्यांनी कोबे बंदरातून बोटीने आणली होती. दोन वर्षांपूर्वी साहेब गेले आणि गाडी राहिली.

गाडी शेवाळी हिरवी, दोघांपुरती, आणि इतकी बुटकी की आत बसणाऱ्याला कोंबड्या डोळ्याला डोळा भिडवून बघत. तिचे दिवे बॉनेटच्या आत झाकलेले असत आणि बटण दाबलं की डोळ्यांसारखे वर येत. उजवा नेहमी येई. डावा त्याच्या मनात असेल तर. गावात तिला बेडकी म्हणत.

मला ती हवी होती ती दिव्यांसाठी नव्हे. बी.एस्सी.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात मी रोटरी इंजिनाचं चित्र पाहिलं होतं. मध्ये किंचित चिमटलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखं एक पोकळ घर, आणि त्यात गरगर फिरणारा फुगीर बाजूंचा एक त्रिकोण. नवल हे की त्रिकोण असा काही झुलत फिरतो की त्याचे तिन्ही कोपरे भिंतीला कायम टेकलेलेच राहतात. माझा विश्वास बसला नाही म्हणून मी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून पेन्सिलीने फिरवून पाहिला. खरंच राहतात. त्या दिवसापासून असं इंजिन एकदा तरी आपलं असावं असं मला वाटत होतं. मुलींना काय काय वाटतं याची माझ्या आईकडे एक यादी होती, त्यात हे नव्हतं.

कारखान्यातल्या एका रत्नागिरीकर फिटरने मला बेडकीचा पत्ता दिला. मी दोन रविवार लागोपाठ येऊन बघून गेले. दोन्ही वेळा काकूंनी आमसुलाचं सरबत दिलं, गाडी चालू केली, आणि अर्धा तास ती तशीच गुरगुरत ठेवून शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचला. दर रविवारी असंच करते, म्हणाल्या. साहेब गेल्यापासून एकही रविवार चुकवला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी अट सांगितली.

"गाडी फाटकातून स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली तर तुझी. बाराच्या आत. नाही पडली तर झगड्यांची."

झगडे हे शेजारच्या गावातले रिसॉर्टवाले. आडनावाला अजिबात न शोभणारा मऊ माणूस. त्यांनीही गाडी बघून ठेवली होती, म्हणजे टेपने तिची लांबी-रुंदी मोजून नेली होती. "चालू करून दाखवा" असं ते एकदाही म्हणाले नव्हते. रिसॉर्टच्या दारात गोल चौथरा बांधून त्यावर तिला कायमची बसवायची, डिकीत मोगरा लावायचा आणि दिव्यांच्या जागी निळे बल्ब सोडायचे, असा त्यांचा बेत होता. त्या बुधवारी ते दहालाच क्रेनचा ट्रक घेऊन आले, तो फाटकाबाहेर कडेला लावला, आणि पडवीत बसून काकूंनी केलेले घावन खाऊ लागले.

"तुम्ही तुमचं सावकाश चालू द्या," ते मला म्हणाले. "माझं काही नाही. मी आपला आलोय."

तर अकरा सहाला मी गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. बेडकी पहिल्या झटक्याला सुरू झाली. तो आवाज ट्रॅक्टरसारखा धडधडत नाही. आग्यामोहोळ जवळून ऐकावं तसा तो सलग असतो. बापूमामांनी कान टवकारले आणि लगेच ते लपवले. मी गाडी हातभर पुढे घेतली, लिंबं फटफट फुटली आणि मी थांबले. इंजिन मात्र चालू ठेवलं.

गुरुजींनी मंत्र सुरू केला. तीन-चार शब्दांनंतर त्यांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. मग थांबले.

"मला माझंच ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. "देवाला काय येणार?"

काकू आरतीचं तबक घेऊन गाडीमागून वळसा घालून येत होत्या. बेडकीच्या धुराड्याच्या फुंकरीने निरांजन विझलं. त्यांनी ते पुन्हा लावलं. ते पुन्हा विझलं. त्यांनी खिडकीतून आत वाकून पाहिलं.

"बंद कर गो, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "देवासमोर पाच मिनिटं."

माझ्या मांडीवर वही होती. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नियम पहिला, थंड इंजिन चालू करून लगेच बंद करू नये. त्याखाली दोन रेघा होत्या. कारणही लिहिलं होतं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं. तेव्हाच बंद केलं तर ते न जळलेलं पेट्रोल आतल्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, त्रिकोणाचे कोपरे कोरडे पडतात, हवा दाबली जात नाही, इंजिन सुरू होत नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण समोर पांढऱ्या केसांची एक बाई विझलेलं निरांजन घेऊन उभी होती, आणि अशा वेळी नाही कसं म्हणायचं हे कुठल्याच प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.

मी किल्ली मागे फिरवली.

पूजा फार छान झाली. गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार आरशाला घातला, नारळ फोडून त्याचं पाणी चारही चाकांवर शिंपडलं आणि खोबऱ्याची एक वाटी काकूंच्या हातात दिली, एक डॅशबोर्डवर ठेवली. झगड्यांनीसुद्धा उठून हात जोडले. अकरा वाजून बावीस मिनिटांनी गुरुजी म्हणाले, "चला, सुटा आता."

मी किल्ली फिरवली.

स्टार्टर फिरला. खूपच हलका फिरला. इंजिनात दाब असला की स्टार्टर दमत दमत, उसासे टाकत फिरतो. हा आवाज सुर्रकन वर चढला आणि तिथेच राहिला. भांड्यात काही न घालता चालू केल्यासारखा.

"मिक्सर," बापूमामा म्हणाले.

मी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. पडवीत झगड्यांनी ताटली खाली ठेवली.

"काही घाई नाही हां," ते म्हणाले. "आमचा क्रेनवाला जेवायला गेलाय. त्याला यायला बारा होतीलच."

मी गाडीतून उतरले आणि मामांना बाजूला घेतलं. "मामा, ऐका. हातपंपाचं वॉशर वाळलं की पंप पाणी ओढत नाही. मग तुम्ही काय करता?"

"वरनं तांब्याभर पाणी ओततो. वॉशर फुगतं, पंप धरतो. त्यात काय?"

"ह्याचंही तेच झालंय. कोपरे वाळलेत. आतलं पेट्रोल काढायचं आणि कोपऱ्यांना थोडं तेल पाजायचं. की धरेल."

मामा बॉनेटकडे गेले. "हे आधी सांगायचं की गं वैजू. मी उगंच सकाळपासनं त्याला परका समजत होतो."

त्यांच्या पिशवीत एकवीसचा पाना होता. इंजिनाच्या कुशीतले खालचे दोन प्लग त्यांनी मिनिटाच्या आत काढले. दोन्ही पेट्रोलने निथळत होते. गुरुजी मदतीला पुढे आले. त्यांनी एक प्लग उचलला आणि तो वाळवायला निरांजनावर धरायला निघाले.

"गुरुजी, नको," मी म्हणाले. माझा आवाज बहुतेक बराच मोठा झाला असावा, कारण कोंबड्या उडाल्या. "निरांजन आत नेऊन ठेवा. समईसुद्धा. उदबत्तीसुद्धा."

"उदबत्ती नुसती धुमसतेय."

"धुमसणारीसुद्धा."

गुरुजींनी सगळे देवाचे दिवे घरात नेले आणि परत येऊन, न मागता, स्वतःचं उपरणं प्लग पुसायला दिलं. माणूस मनाने चांगला होता.

प्लग काढलेल्या भोकांवाटे पेट्रोल उडून जावं म्हणून मी स्टार्टर फिरवत राहिले. दोन भोकांतून पिचिक पिचिक आवाज येत होता. अकरा सदतीसला तो मंदावला, मग एक उचकी आली, मग काहीच आलं नाही. बॅटरी संपली.

"अरेरे," झगडे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते खिशातून टेप काढून पुन्हा एकदा बेडकीची रुंदी मोजायला लागले.

"आता तेल," मी मामांना म्हणाले. "दोन चमचे, दोन चमचे. इंजिनातलं साधं तेल."

मामांनी पिशवी उपडी केली. पाने, पकडी, ग्रीसचा डबा, तंबाखूची डबी, आईने बांधून दिलेल्या दशम्या. "तेल न्हाई," ते म्हणाले. "तूच म्हणालीस की नको. म्हणालीस, मी मोजून भरलंय."

मी खरंच तसं म्हणाले होते. मागच्या रविवारी आणलेलं तेल मी शेवटच्या थेंबापर्यंत इंजिनात ओतलं होतं आणि रिकामा डबा नीट घडी केलेल्या पिशवीत घालून परत नेला होता.

"गुरुजी, स्कूटरमध्ये?"

"स्कूटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ते कसं वेगळं करणार? तुम्ही रसायनवाल्या ना?"

"वीस मिनिटांत नाही," मी म्हणाले.

क्रेनच्या ट्रकला कुलूप होतं. तेल मिळणारं दुकान बारा किलोमीटरवर होतं. गुरुजींची स्कूटर उतार पाहून जाणार आणि चढ पाहून येणार. मी डोकं खिडकीच्या चौकटीला टेकवलं, आणि डॅशबोर्डवर ठेवलेली खोबऱ्याची वाटी माझ्या नाकासमोर आली.

मी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. खोबऱ्याचं तेल. साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, अंगणात तीस-बत्तीस होते. चिकटपणा पुरेसा. कोपरे झाकायला दोन मिनिटं पुरलं तरी चालणार होतं. पुढे ते जळून जाणार, आणि जळताना कुणाचं वाईट करणार नाही.

"काकू," मी हाक मारली. "घरात खोबरेल आहे?"

काकू घरात गेल्या आणि मी वहीत वेळ लिहिण्याआधी परत आल्या. एका हातात खोबरेलची बाटली होती, दुसऱ्या हातात पितळेची पिचकारी. पिचकारीच्या तोंडाला बारीक नळी होती आणि ती टोकाशी वाकवलेली होती. मी ती प्लगच्या भोकात घातली. इंजिनाच्या कुशीत पिचकारी सरळ धरायला जागा नव्हती, पण नळी कुठेही न अडकता वळसा घेऊन सरळ आत गेली. बरं झालं, असं माझ्या मनात आलं. त्यापलीकडे काही आलं नाही. अकरा एकोणपन्नास झाले होते.

मामांनी प्लग आवळले. गुरुजींनी पोटरीपर्यंत धोतर खोचलं. बॅटरी मेली होती, म्हणजे ढकलणं आलं. अंगणाला फाटकाकडे उतार होता आणि मी पावलं मोजली, ती चौदा भरली.

"ढकलत फाटकाबाहेर काढली तर ते स्वतःच्या इंजिनावर नाही हां," झगड्यांनी अदबीने सुचवलं.

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "फाटकाच्या उंबऱ्याआधी इंजिन बोललं, तर ते स्वतःचं. उंबऱ्यानंतर बोललं, तर ते ढकललेलं."

"मान्य," मी म्हणाले.

"झगडे, या तुम्हीपण," काकू म्हणाल्या. "दोघांनी नाही जमायचं. मामा, गुरुजी आणि तुम्ही."

"मी?" झगडे चक्रावले. "वहिनी, मी ढकलली आणि ती सुरू झाली, तर ती मला मिळणार नाही."

"घावन किती खाल्लेत?"

झगड्यांनी मनातल्या मनात मोजलं. "सात."

"मग ढकला."

ते बाह्या सरसावत आले. मी गाडीत बसले, काच खाली केली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. तिघांनी जोर लावला. बेडकी गडगडत निघाली. आठव्या पावलाला मी क्लच सोडला. एक जबरदस्त हिसका बसला, चाकं खरडली, झेंडूचा हार माझ्या तोंडावर आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागे तिघं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

"अकरा चोपन्न," गुरुजी जमिनीवरूनच म्हणाले.

त्यांनी गाडी पुन्हा मागे, उतारावर वर ओढत नेली. मामांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला होता. झगडे धापा टाकत होते आणि तेवढ्यातही बेडकीवरून हात फिरवत होते. चौथरा, मोगरा आणि निळे बल्ब मला लख्ख दिसत होते.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि काकू आत येऊन बसल्या. त्यांनी पदर खोचला आणि पर्स मांडीवर ठेवली.

"साहेब तिसरा टाकायचे," त्या समोर बघत म्हणाल्या. "आणि उजवा पाय तळाला. क्लच सोडायचा तो जांभळीपाशी. त्याआधी नाही."

जांभूळ फाटकापासून तीन पावलांवर होतं. विचारायला वेळ नव्हता. मी तिसरा टाकला. तिघांनी ढकललं. एक, दोन, पाच, आठ. बेडकीने वेग घेतला. मामा मागून काहीतरी ओरडत होते, बहुतेक शिवी होती, पण प्रेमाची. जांभळीचं खोड खिडकीतून सरकलं आणि मी क्लच सोडला.

बेडकी अडखळली. एकदा शिंकली. मग तिच्या पोटातून तो सलग, आग्यामोहोळाचा आवाज वर आला आणि आम्ही उंबऱ्यावरून उसळून रस्त्यावर पडलो. मी आरशात पाहिलं. मागे फाटक नव्हतं, अंगण नव्हतं, घर नव्हतं. पांढऱ्या धुराचा एक प्रचंड डोंगर होता आणि त्यातून तीन माणसांचा खोकला ऐकू येत होता. काही क्षणांनी तो वास आमच्यापर्यंत आला. एखाद्या कार्यघरात एकाच वेळी दोनशे करंज्या तळायला घ्याव्यात तसा. जेटीवर जाळी विणत बसलेली माणसं उठून उभी राहिली. बटणाला हात न लावता बेडकीचा डावा दिवा वर आला, एकदा लवला आणि बसला.

घड्याळात अकरा अठ्ठावन्न झाले होते.

आता मी बंद करणार नव्हते. जेटीपर्यंत गेले, वळले, मंदावून परत निघाले. काकू खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून बसल्या होत्या. सराईत बसल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसायला लागल्या. तिसरा गिअर. जांभूळ. दर रविवारी अर्धा तास. वाकवलेली नळी.

"काकू," मी विचारलं, "ती पिचकारीची नळी कुणी वाकवली?"

"साहेबांनी. सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला."

"दसऱ्याला?"

"त्याच्या आदल्या दोन दसऱ्यांना चमच्याने प्रयत्न केला. अर्धं खाली सांडायचं." त्या जरा हसल्या. "आमचे तेव्हाचे गुरुजी बंद करा म्हणायचे, साहेब बंद करायचे. इंजिनिअर माणूस, त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच. पण भटजींच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. मग ही रुसायची. मग सगळी वाडी ढकलायला. वीसेक वर्षं, दर दसऱ्याला."

"म्हणजे आज तुम्ही मला बंद करायला सांगितलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

एक बैलगाडी पुढे होती, ती बाजूला होईपर्यंत काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

"चालू गाडीशी कुणीही गोड बोलतं गो," त्या म्हणाल्या. "झगड्यांनी तर तिचा आवाजही ऐकला नव्हता. तू ऐकला होतास. पण ती गप्प झाल्यावर तू काय करतेस, ते कसं कळणार?"

"आणि मला खोबरेल सुचलं नसतं तर?"

"तर मी केसांना लावायला बाटली घेऊन अंगणात बसले असते. तुझ्या अगदी समोर." त्यांनी पर्स उघडली, पदराने पुसून पिचकारी माझ्यापुढे धरली. "ही गाडीबरोबर जाते."

फाटकापाशी धूर जरा विरला होता. काकू उतरल्या, बॉनेटवरच्या स्वस्तिकावर दोन बोटं टेकवली आणि मागे न बघता पडवीत गेल्या. इंजिन चालू ठेवूनच मी मामांना आत घेतलं. त्यांच्या मिशीला, भुवयांना आणि टोपीला खोबरेलचा वास येत होता. झगडे पुढे आले. त्यांनी फोन काढला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "जाता जाता एकदा डोळे वर कराल? चौथऱ्यावर फोटो तरी लावतो."

मी बटण दाबलं. दोन्ही डोळे वर आले.

पहिले वीस किलोमीटर मामा गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि मधूनमधून डॅशबोर्डला कान लावत होते. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी दशम्या सोडल्या.

"मिक्सर न्हाई ह्यो," ते म्हणाले.

"नाही ना?"

"घाणा हाय. उलटा घाणा." त्यांनी डॅशबोर्डवरच्या खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "आपला घाणा गरगर फिरतो, खोबरं खातो, तेल देतो. ह्यो गरगर फिरतो, तेल खातो आणि खोबऱ्याचा वास देतो. एवढं साधं सांगायचं सोडून तू मला त्रिकोण सांगत बसलीस."

याला आता सोळा वर्षं झाली. बेडकी इस्लामपुरात, मामांच्या गॅरेजच्या पत्र्याखाली असते. वही माझ्याकडे आहे. नियम पहिला अजून पहिलाच आहे आणि वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी तो पाळते.

दसऱ्याला सकाळी आमचे भटजी येतात. चार लिंबं, झेंडूचा हार, नारळ. मी गाडी चालू करते आणि हातभर पुढे घेते. भटजी म्हणतात, ताई, तेवढं बंद करा, मंत्र ऐकू येत नाहीत. मी बंद करते. पूजा झाली की किल्ली फिरवते, स्टार्टर सुर्रकन हलका फिरतो, आणि गल्लीतली माणसं, ज्यांना ह्या वेळेला घरात काही काम नसतं, ती एकेक करून बाह्या सरसावत बाहेर येतात. बापूमामा आता ऐंशीच्या घरात आहेत. ते कुणाला काही न विचारता एकवीसचा पाना मला देतात आणि बाटली आणायला जातात.

ऑक्टोबरात आमच्याकडे पहाटे गारठा असतो, खोबरेल गोठतं. पण बाटली कधीच गोठलेली नसते. ती सूर्य उगवल्यापासून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेली असते.